शेवटच्या काळाचा तक्ता आणि प्रभूचं मेज

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, एक मोठा कापडी तक्ता होता. एरवी गुंडाळून कपाटामागे उभा असायचा, शास्त्राभ्यासाच्या, म्हणजे बायबल अभ्यासाच्या, दिवशी दोन पोरं तो उलगडून भिंतीवर टांगायची. डावीकडे उत्पत्ती, उजवीकडच्या टोकाला नवं आकाश नवी पृथ्वी, मधे वधस्तंभ, त्याच्या पुढे मंडळीचा काळ, मग वर जाणारा एक बाण आणि त्याच्याशेजारी 'रॅप्चर' (विश्वासी लोकांना ढगांत वर उचललं जाणं) असं लिहिलेलं, मग लाल रंगात सात वर्षांचं महासंकट, मग खाली येणारा दुसरा बाण आणि पिवळ्या पट्ट्यात हजार वर्षांचं राज्य. मी त्या तक्त्यासमोरच मोठा झालो. त्यावरची अक्षरं एका काकांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने काढलेली होती, आणि पुढे जे झालं ते याच काकांच्या बाबतीत झालं.

एका संध्याकाळी काकांनी हात वर केला आणि विचारलं, पाळकसाहेब, पौल म्हणतो आपण ढगांत प्रभूला सामोरे जाऊ, पण सामोरं जाऊन मग कुठल्या दिशेला जायचं हे त्या वचनात लिहिलंय का? मग काकांनीच समजावून सांगितलं की १ थेस्सलनीकाकर ४:१७ मधला सामोरं जाण्याचा जो मूळ ग्रीक शब्द आहे तोच मत्तय २५ मधे दहा कुमारींच्या दाखल्यात आहे, त्या वराला सामोऱ्या जायला निघतात आणि त्याच्याबरोबर लग्नाला आत जातात, आणि तोच प्रेषितांची कृत्ये २८ मधे आहे, रोममधले बंधू पौलाला भेटायला लांबपर्यंत येतात आणि त्याला घेऊन परत रोमला जातात. म्हणजे कदाचित आपण प्रभूला सामोरे जाऊन त्याच्याबरोबर इकडेच येऊ, वर सात वर्षं राहायला नाही. एवढंच बोलले, आवाज न चढवता. खोलीत कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर त्यांना कोणी काढलं नाही. पण शास्त्राभ्यास घ्यायची त्यांची पाळी येईना, मग प्रभूभोजनाच्या वेळी भाकर वाटायला दुसऱ्या कोणाला उभं केलं जायला लागलं, मग प्रार्थनेत 'शेवटल्या काळातल्या खोट्या शिकवणीपासून राख' असं त्यांच्या समोरच म्हटलं जायला लागलं. ते मागच्या बाकावर सरकले आणि वर्षभराने यायचे बंद झाले. आणि मी, तेव्हा बावीस वर्षांचा, जिन्यात त्यांना अडवून विचारलं होतं, काका तुमचा प्रभूच्या येण्यावरचा विश्वासच उडाला का. ते म्हणाले, बाळा, रोज उठून त्याचीच तर वाट बघतो. मला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटली होती. आज ते वाक्य आठवलं की मला खूप लाज वाटते.

हे सगळं लिहितोय कारण हे एका मंडळीपुरतं नाही, जगात जिथे जिथे विश्वासी लोक शास्त्र उघडून बसतात तिथे हे होतं. युद्ध पेटलं, भूकंप झाला, साथ आली की तक्ते बाहेर निघतात आणि मग माणूस प्रभूवर प्रेम करतो का यापेक्षा तो कुठल्या रकान्यात बसतो हे आधी तपासलं जातं. माझं म्हणणं सरळ आहे. शेवटच्या काळाबद्दल मत ठाम असावं, ते शिकवावं, त्यासाठी वादही घालावा, पण त्या मतावर प्रभूच्या मेजाचं, म्हणजे प्रभूभोजनाचं, दार उघडं की बंद हे ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. आणि हे मी सगळी मतं सारखीच म्हणून सांगत नाहीये. मी आजही हजार वर्षांचं राज्य खरंखुरं, याच पृथ्वीवरचं मानतो. बाणांच्या वेळेबद्दल आता पूर्वीइतकी खात्री नाही, पण राज्याबद्दल आहे.

वाद कशावर आहे ते आधी नीट बघू, कारण निम्मे लोक समोरच्याचं ऐकूनच घेत नाहीत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात दुसऱ्या वचनापासून सातव्या वचनापर्यंत 'हजार वर्षे' हे शब्द सहा वेळा येतात, आणि या राज्याचा आकड्यासकट उल्लेख शास्त्रात तेवढाच. कोणी म्हणतं प्रभू आधी येईल आणि मग ही हजार वर्षं सुरू होतील. कोणी म्हणतं प्रकटीकरणात आकडे चिन्हं म्हणून येतात, तसाच हाही, ख्रिस्त पुनरुत्थानानंतर राज्यावर बसलाच आहे आणि आपण त्याच काळात आहोत. कोणी म्हणतं सुवार्ता जगभर रुजत जाईल, एक मोठा आशीर्वादाचा काळ येईल आणि त्याच्या शेवटी प्रभू येईल. शिवाय मत्तय २४ मधे प्रभूने शेवटच्या काळाबद्दल सांगितलेलं पुष्कळसं इसवी सन ७० मधे रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं तेव्हाच पूर्ण झालं असं मानणारे आहेत. आणि पहिल्या गटातही महासंकटाच्या आधी उचललं जाणार, मधे, की नंतर यावरून परत फाटे. आधी म्हणणारे प्रकटीकरण ३:१० दाखवतात, परीक्षेच्या घटकेपासून राखीन असं तिथे वचन आहे, आणि १ थेस्सलनीकाकर ५:९ दाखवतात की देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलं नाही. नंतर म्हणणारे काकांसारखं 'सामोरं जाणं' दाखवतात. दोन्हीकडे वचन आहे, दोन्हीकडे गुडघ्यावर बसून वाचणारी माणसं आहेत.

आता मंडळीच्या इतिहासातले मोठे शिक्षक आणि उपदेशकच बघा. ऑगस्टीन आधी पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याचं मत धरून होता, पुढे त्याने ते सोडलं आणि आपण पूर्वी तसं मानत होतो हे स्वतःच लिहून ठेवलं. जोनाथन एडवर्ड्स आशीर्वादाच्या काळानंतर प्रभू येईल असं मानत होता. स्पर्जन प्रभू आधी येईल, मग राज्य असं शिकवायचा. कॅल्विनने नव्या करारातल्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांवर भाष्य लिहिलं पण प्रकटीकरणावर लिहिलं नाही. या चौघांची भाषणं, पुस्तकं आपण सगळे वाचतो, उपदेशात त्यांची वाक्यं घेतो. मग यातला कोण उद्या आपल्या मंडळीत आला तर त्याला भाकर द्यायची नाही ते सांगा. मेलेल्या माणसाचं मतभेदासकट आपण कौतुक करतो आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या जिवंत भावाला मात्र दूर सारतो, हे मला कुठल्याच वचनात बसवता येत नाही.

आणि हा प्रश्न नवा असता तरी समजलं असतं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने त्रुफो नावाच्या यहूद्याबरोबरचा संवाद लिहिलाय. त्यात तो स्पष्ट सांगतो की यरुशलेम पुन्हा उभं राहील आणि तिथे हजार वर्षं होतील असं मी आणि माझ्यासारखे अनेक मानतात, पण शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे खरे ख्रिस्ती असूनही वेगळा विचार करणारे पुष्कळ आहेत. खरे ख्रिस्ती, हे त्याचे शब्द आहेत. पण त्याच ठिकाणी तो पुढे म्हणतो की मेलेल्यांचं पुनरुत्थान नाहीच असं जे म्हणतात त्यांना ख्रिस्ती समजू नका. एकाच दमात दोन्ही गोष्टी. हजार वर्षांवर मतभेद चालेल, पुनरुत्थानावर चालणार नाही. ज्यांना प्रेषितांनंतर जेमतेम काही दशकं झाली होती त्यांना ही रेघ कुठे मारायची ते कळत होतं.

रेघ आहेच, आणि ती पौलानेही तिथेच मारली. २ तीमथ्य २ मधे हुमनाय आणि फिलेत या दोघांची नावं घेऊन तो सांगतो की पुनरुत्थान होऊन गेलं असं म्हणून हे सत्यापासून चुकलेत आणि कित्येकांच्या विश्वासाचा नाश करतायत. म्हणजे शेवटच्या काळाबद्दल काहीही बोला, सगळं चालतं, असं नाहीये. प्रभू परत येणार, देहाने उठणं होणार, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय होणार, त्याच्या राज्याला अंत नाही. नायसियाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे जुन्या मंडळीने लिहून ठेवलेल्या विश्वासाच्या कबुलीत, हेच आहे आणि दीड हजार वर्षांहून जास्त काळ निरनिराळ्या मतांचे ख्रिस्ती हे एका सुरात म्हणत आलेत. त्यात हजार वर्षांचा हिशोब नाही, सात वर्षांचा नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांना प्रकटीकरण माहीत नव्हतं असं तर नाही ना.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मिसर देशातल्या (इजिप्तमधल्या) एका प्रसंगाने, तिसऱ्या शतकातला आहे, इतिहासकार युसेबियसने जपून ठेवलाय. अर्सिनोए भागात नेपोस नावाचा बिशप होऊन गेला, त्याने पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल पुस्तक लिहिलं होतं. तो वारला पण पुस्तकावरून तिथे अशी फूट पडली की मंडळ्याच्या मंडळ्या तुटून गेल्या. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस या मताच्या विरुद्ध होता. त्याच्याकडे अधिकार होता, लांबून एक कडक पत्र पाठवून मोकळा होऊ शकला असता. पण तो स्वतः तिथे गेला, गावागावातले वडील (मंडळीचे पुढारी) आणि शिक्षक बोलावले, ज्यांना यायचंय त्या सगळ्यांना येऊ दिलं, आणि सलग तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते पुस्तक समोर ठेवून एकेक मुद्दा बोलत बसला. नंतर त्याने जे लिहिलं ते वाचून मला भरून येतं. तो त्या विरोधी बाजूच्या भावांचं कौतुक करतो, प्रश्न क्रमाने विचारले, अडचणी टाळल्या नाहीत, एकदा धरलं म्हणून धरूनच बसले नाहीत आणि पटलं तिथे कबूल करायला लाजले नाहीत. शेवटी त्या मताचा पुढारी कोराकियन याने सगळ्यांसमोर सांगितलं की मी यापुढे हे शिकवणार नाही. आणि मेलेल्या नेपोसबद्दल डायोनिसियस काय म्हणतो, तर त्याच्या विश्वासासाठी, कष्टासाठी, शास्त्राच्या अभ्यासासाठी आणि ज्या गीतांनी भाऊ आजही आनंदित होतात त्या गीतांसाठी मी त्याच्यावर प्रेम करतो. ज्याचं मत खोडायचंय त्याच्याबद्दल हे.

मी स्वतः नेपोसच्या बाजूला जवळ आहे, म्हणजे त्या तीन दिवसांत माझी बाजू हरली. तरी मला ती बैठक हवीशी वाटते. आपल्याकडे तीन दिवस सोडा, कोणी तीन तास समोरासमोर बसत नाही. आपण व्हिडिओ पाठवतो, मागून बोलतो, प्रार्थनेत टोमणा मारतो.

उलटं झालं की काय होतं तेही इतिहासात आहे. १८२० च्या दशकाच्या शेवटी डब्लिनमधे काही विश्वासी निरनिराळ्या पंथांतून येऊन एकत्र भाकर मोडू लागले, पंथांच्या भिंती नकोत, प्रभूचे सगळे ते आमचे, एवढंच त्यांचं म्हणणं. ब्रदरेन चळवळ तिथून वाढली. पुढे प्लिमथमधे जॉन नेल्सन डार्बी आणि बेंजामिन न्यूटन हे दोघे पुढारी समोरासमोर आले. डार्बी महासंकटाआधी मंडळी उचलली जाणार असं शिकवत होता, न्यूटनला ते अजिबात मान्य नव्हतं. भांडणात मंडळीच्या कारभाराचे मुद्दे होते, पुढे न्यूटनच्या ख्रिस्ताविषयीच्या शिकवणीवरचे गंभीर आक्षेपही आले, म्हणून सगळं खापर भविष्यवाणीवर फोडणं बरोबर नाही, पण दरी पडायला सुरुवात तिथेही झाली हे खरं. १८४५ मधे त्याच गावात वेगळं मेज लागलं आणि १८४८ पर्यंत अख्खी चळवळ दुभंगली. एकत्र भाकर मोडायची म्हणून जे निघाले होते त्यांचं हे झालं.

तसंच अमेरिकेत ग्रेशम मेचन या प्रेस्बिटेरियन शिक्षकाचं. त्याने १९२३ मधे स्वच्छ लिहिलं होतं की प्रभू हजार वर्षांच्या आधी येणार हे मत मला चुकीचं वाटतं, तरी ते मानणाऱ्यांशी आमचं जे एक आहे ते फार मोठं आहे. १९३६ मधे त्याच्या पुढाकाराने नवीन प्रेस्बिटेरियन मंडळी उभी राहिली, १ जानेवारी १९३७ ला तो वारला आणि त्याच वर्षी ती फुटली. हजार वर्षांचा मुद्दा आणि दारूचा मुद्दा, या दोन्हींवरून.

पण शिकणारेही आहेत. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल फ्री चर्चच्या विश्वासपत्रात प्रभूचं येणं हजार वर्षांआधीचं, असा शब्द होता. २०१९ मधे त्यांनी तो शब्द काढून तिथे 'गौरवी' हा शब्द घातला. ज्यांना जुनं मत मानायचं त्यांनी मानावं, शिकवावं, फक्त ते दारावरची अट राहिलं नाही. मला हे फार मोठं पाऊल वाटतं, कारण स्वतःच्या बहुमताच्या मताला अट म्हणून खाली उतरवायला नम्रता लागते.

आता आमचेच भाऊ विचारतात की अरे पण हा शास्त्र वाचायच्या पद्धतीचा प्रश्न आहे, आज हजार वर्षं चिन्ह म्हणाले, उद्या पुनरुत्थानही चिन्ह म्हणतील. ही भीती मी हलकी घेत नाही, तसं झालेलं आहे कुठे कुठे. पण जो भाऊ प्रकटीकरण २० चिन्हांत वाचतो तोच १ करिंथकर १५, पुनरुत्थानाचा अध्याय, अक्षरशः वाचतो आणि रिकाम्या कबरेसाठी जीव द्यायला तयार असतो, त्याला त्याने न केलेल्या चुकीची शिक्षा का द्यायची? आणि सात डोकी दहा शिंगांचं श्वापद समुद्रातून वर येतं तेव्हा आपणही ते चिन्हच म्हणतो ना.

दुसरीकडचे लोकही काही कमी नाहीत. रॅप्चर मानणाऱ्यांना भोळे, घाबरट, जगापासून पळणारे म्हणायची फॅशन आहे, शिकलेल्या लोकांत जास्त. १८६५ मधे चायना इनलँड मिशन सुरू करणारे हडसन टेलर प्रभू कधीही येईल या विश्वासानेच झपाटलेले होते, त्या विश्वासाने त्यांना आयुष्यभर चीनमधे राबवलं. एखाद्या आजीने ढगांकडे बघत आयुष्य काढलं असेल आणि त्या आशेवर तीन पोरं पुरली असतील तर तिच्या आशेला हसू नका, कृपा करून.

तारखा सांगणाऱ्यांचं मात्र मी वेगळं धरतो. तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही असं प्रभू स्वतः म्हणाला, मत्तय २४:३६. तरी अमेरिकेतल्या विल्यम मिलर या उपदेशकाच्या शिकवणीवरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ला वाट बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. इस्राएल राष्ट्र १९४८ ला झालं, त्यात एका पिढीची चाळीस वर्षं मिळवून १९८८ काढणारे होते. रेडिओवर शिकवणाऱ्या हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितलं, मग २१ ऑक्टोबर, आणि २०१२ मधे तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं. वयाच्या नव्वदीत सगळ्यांसमोर हे कबूल केलं याचा मी मान राखतो. पण ज्यांनी त्याच्या शब्दावर साठवलेलं सगळं खर्चून टाकलं त्यांचं नुकसान कोण भरून देणार? तारीख सांगणाऱ्याला शिकवायला उभं करू नये, इथे मी कडक आहे. तरी तारखेमागे लागून फसलेला माणूस परत आला तर त्याला आधी जवळ घ्यावं.

काही मंडळ्यांनी यावर उपाय काढलाय की प्रकटीकरण उघडायचंच नाही, भांडण नको. मला तेही पटत नाही. ते पुस्तक वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला धन्य म्हटलंय, पहिल्याच अध्यायात. पौलाने थेस्सलनीकातल्या नव्या विश्वासी लोकांना हे सगळं सांगितलं होतं, आणि १ थेस्सलनीकाकर ४ वाचताना आपण विसरतो की तो तिथे तक्ता काढायला बसला नव्हता, आपली माणसं गेली म्हणून रडणाऱ्या घरांना तो लिहीत होता. शेवटचं वाक्य काय, तर या वचनांनी एकमेकांना धीर द्या. हेच वचन वापरून आम्ही एका म्हाताऱ्या माणसाला मागच्या बाकावर सारलं.

इब्री १०:२५ मला आता वेगळं ऐकू येतं. आपलं एकत्र मिळणं सोडू नका, एकमेकांना बोध करा, आणि तो दिवस जवळ येताना दिसतोय तसतसा अधिक करा. दिवस जवळ आलाय म्हणून भावाला तोडणारा हे वचन बरोबर उलटं करतो. आणि १ करिंथकर ११:२६, प्रभू येईपर्यंत ही भाकर खाऊन त्याच्या मरणाची घोषणा करा. शेवटच्या काळाचा सगळ्यात जुना तक्ता हाच, आणि तो आपण दर वेळी हातात घेतो.

आमच्या मंडळीचं विश्वासपत्र सध्या परत लिहिलं जातंय. त्यात रॅप्चरच्या वेळेची ओळ सदस्यत्वाच्या अटीतून काढून शिकवणीच्या भागात न्यावी, आणि तिथेही या मतावर मंडळीतले सगळे भाऊबहीण एक नाहीत असं प्रामाणिकपणे लिहावं, असं मी लेखी दिलंय. पास होईल का सांगता येत नाही, मंडळीतले दोन वडील माझ्यावर नाराज आहेत, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

काकांकडे मी गेलो होतो. माफी मागितली. त्यांनी हात धरून आत बसवलं आणि त्यांचं शास्त्र उघडलं, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, तीच तक्त्यावरची वळणदार अक्षरं, फक्त आता थरथरणारी. दोन तास मत्तय २४ वर बोललो. 'ही पिढी' म्हणजे कोणती यावर आमचं जमलं नाही, उठलो तरी जमलं नव्हतं. बुधवारी परत बसायचं ठरलंय. दानीएल नऊ, सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सात वर्षांचे सत्तर गट; तक्त्यावरची महासंकटाची सात वर्षं त्यातल्या शेवटच्या सप्तकावरूनच घेतलेली. शेवटचं सप्तक वेगळं का काढायचं हे मला पटवून दे म्हणालेत, आणि मी तयारी करतोय.